'साखार' : मजुरी, भाडे आणि प्रतिफळ या तिन्हींसाठी बायबलमधील एकच हिब्रू शब्द

पोथीवाचक (धागाकर्ता)

जुना करार मूळ हिब्रू शब्दांच्या आधाराने वाचताना एक शब्द सतत आडवा येतो आणि मराठीत तो दर वेळी वेगळ्या वेषात भेटतो. तो शब्द म्हणजे 'साखार'. (आपल्या साखरेशी त्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.) उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात परमेश्वर अब्रामाला त्याचा साखार फार मोठा असल्याचे सांगतो, तेथे आपण 'प्रतिफळ' असे वाचतो. त्याच पुस्तकाच्या ३०व्या अध्यायात लाबान आपल्या जावयाला, याकोबाला, आपला साखार ठरवून सांगायला सांगतो, तेथे अर्थ उघडच 'वेतन' असा आहे. निर्गम २:९ मध्ये फारोची कन्या बाळ मोशेला दूध पाजण्यासाठी नकळत त्याच्या सख्ख्या आईलाच ठेवते आणि साखार द्यायचे कबूल करते. योना तार्शीशला पळून जाण्यासाठी याफो बंदरात जहाजाचा साखार भरतो, म्हणजे प्रवासभाडे. जखऱ्या ८:१० मध्ये पूर्वीच्या हलाखीचे वर्णन करताना माणसालाही साखार नव्हता आणि जनावरालाही नव्हता असे म्हटले आहे. म्हणजे बैलाचे किंवा गाढवाचे भाडेही साखारच.

याच धातूपासून 'साखीर' म्हणजे मोलाने ठेवलेला माणूस आणि 'मस्कोरेत' म्हणजे ठरलेला पगार हे शब्द आले आहेत. मस्कोरेत फक्त चार ठिकाणी आढळतो. तीन वेळा याकोब आणि लाबान यांच्या व्यवहारात आणि एकदा रूथच्या पुस्तकात, जेथे बवाज रूथला तिचा मस्कोरेत परमेश्वराकडून पुरा मिळो असा आशीर्वाद देतो.

माझे मत असे आहे की या शब्दाचा गाभा 'ठरावीक मोबदल्यात दुसऱ्याचे श्रम, जनावर किंवा वस्तू काही काळ वापरायला घेणे' हा असून 'प्रतिफळ' हा त्यावरून पुढे वाढलेला अर्थ आहे. माझा मुख्य आधार क्रियापदाचा आहे. याच धातूचे साधे क्रियापद जेथे येते तेथे 'बक्षीस देणे' असा अर्थ कधीच होत नाही, नेहमी 'मोलाने किंवा भाड्याने घेणे' असाच होतो. इस्राएलाला शाप देण्यासाठी बलाम या द्रष्ट्याला असेच ठरवले होते ('अनुवाद' या पुस्तकाचा २३वा अध्याय). अबीमलेखाने ७० रुपये देऊन रिकामटेकडी माणसे आपल्यामागे घेतली (शास्ते ९:४). मीखाने लेवी वंशातल्या एका तरुणाला वर्षाला १० रुपये, कपडे आणि अन्न या बोलीवर घरचा याजक नेमले आणि पुढे तो तरुण स्वतःच्या तोंडाने सांगतो की मीखाने मला साखारावर ठेवले आहे (शास्ते १७-१८). अम्मोन्यांनी दावीदाविरुद्ध अरामी सैन्य आणले तेही असेच. तेव्हा नामाचा अर्थ लावताना क्रियापदाकडे पाहावे की संदर्भाकडे, यावर जाणकारांचे म्हणणे वाचायला आवडेल.

शब्दवेध

क्रियापदाचा मुद्दा मला पटतो. मात्र हा शब्द शोधताना एक खबरदारी घ्यायला हवी. हिब्रूत 'स' आणि 'श' या दोन ध्वनींसाठी एकच अक्षर आहे आणि त्यांतला फरक दाखवणारा बिंदू पुष्कळ नंतरच्या काळात लावला गेला. त्यामुळे 'साखार' (वेतन) आणि 'शेखार' (मादक पेय) हे दोन शब्द मूळ हस्तलिखितांत तंतोतंत सारखे दिसतात. बहुतेक वाक्यांत संदर्भावरून निकाल लागतो, पण काही ठिकाणी प्राचीन भाषांतरकारसुद्धा चकले आहेत किंवा निदान वेगळ्या वाटेने गेले आहेत.

यशया १९:१० पाहावे. मिसरावर (इजिप्तवर) येणाऱ्या संकटाचे ते वर्णन आहे. रूढ हिब्रू पाठात तेथे 'सेखेर' आहे आणि 'मोलाने राबणारे सगळे मनाने खचतील' असा अर्थ घेतला जातो, पण सप्ततीच्या, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराच्या, कर्त्यांनी तेथे सरळ 'जवाची दारू गाळणारे' असे लिहिले. हे भाषांतर मिसरमध्येच झाले आणि तेथे जवाची दारू हे रोजचे पेय होते, हे लक्षात घेतले तर त्यांना तो वाचनप्रकार का सुचला असावा हे समजते. नीतिसूत्रे २६:१० हे वचन तर इतके दुर्बोध आहे की कोणी तेथे 'मूर्खाला आणि वाटसरूंना कामावर ठेवणारा' असे वाचतात, तर कोणी 'दारुडा' असे. अशा जागा अर्थनिर्णयासाठी पुरावा म्हणून वापरू नयेत, एवढेच माझे सांगणे आहे.

इस्साखार या नावाचाही येथे उल्लेख व्हायला हवा. याकोबाची बायको लेआ आपल्या मुलाने आणलेली दूदाईम फळे आपल्या बहिणीला आणि सवतीला, राहेलला, देते आणि त्या बदल्यात त्या रात्रीसाठी नवरा मिळवते. संध्याकाळी शेतातून परतणाऱ्या याकोबाला ती वाटेत गाठून सांगते की मी तुला मोल देऊन घेतले आहे. पुढे मुलगा (हाच इस्साखार) झाल्यावर तीच म्हणते की देवाने मला माझा साखार दिला. म्हणजे एकाच गोष्टीत, दोन वचनांच्या अंतराने, आधी रोकडा सौदा आणि मग देवाने दिलेले फळ असे दोन्ही अर्थ आले आहेत. ज्या याकोबाने लाबानाकडे १४ वर्षे मुलींसाठी आणि ६ वर्षे कळपासाठी चाकरी केली आणि ज्याचे वेतन सासऱ्याने दहादा बदलले, त्याच्या घरात एका मुलाचे नावच मजुरीवरून पडावे, यात निवेदकाचा मिस्कीलपणा आहे असे मला वाटते.

अश्दोदहून

नमस्कार. आमचे घराणे मूळ कोकणातले बेने इस्राएल, आता इस्राएलमध्ये अश्दोदला स्थायिक. प्राचीन हिब्रूबद्दल मी अधिकाराने काही बोलू शकत नाही, पण आजच्या भाषेत हा धातू किती जिवंत आहे ते सांगतो.

पगाराला येथे आजही मस्कोरेतच म्हणतात. नोकरदार म्हणजे साखीर आणि घरभाडे म्हणजे 'स्खार दिरा'. भाडेकरू तो 'सोखेर' आणि भाड्याने देणे म्हणजे 'लेहास्कीर'. म्हणजे पगार खात्यात जमा होतो तो आणि त्यातून घरमालकाला जातो तो, दोन्हींचे मूळ एकच. घराच्या भाड्यासाठी हा धातू बायबलमध्ये मला सापडलेला नाही. मिश्नाच्या (ज्यूंच्या तोंडी परंपरेतील नियमांच्या जुन्या संग्रहाच्या) हिब्रूत मात्र घर भाड्याने देण्यासाठी हेच क्रियापद आहे.

आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९५८ च्या वेतन-संरक्षण कायद्यात पगार वेळेवर न देण्याला 'हलानत साखार' असे नाव आहे आणि त्यासाठी मालकाला भरपाई द्यावी लागते. 'हलाना' म्हणजे रात्रभर मुक्कामाला ठेवणे. हा शब्द थेट बायबलमधील 'लेवीय' या पुस्तकातून (१९:१३) उचललेला आहे, कारण तेथे मजुराचे मोल सकाळपर्यंत आपल्याकडे रात्रभर ठेवू नये अशी आज्ञा आहे. कामगार न्यायालयातल्या कोरड्या निकालपत्रातसुद्धा हा शब्द येतो आणि बहुतेक वकिलांना त्याचा उगम ठाऊक असतो.

पोथीवाचक

आभारी आहे. आपण लेवीय १९:१३ काढलेत ते बरे झाले, कारण त्याच वचनाने मला कोड्यात टाकले होते. एक तर तेथे मजुराला 'साखीर' म्हटले आहे, पण त्याच्या मजुरीला 'साखार' न म्हणता 'पेउला' म्हटले आहे, ज्याचा मूळ अर्थ 'काम' असा होतो. दुसरे असे की लेवीयात मुदत सकाळपर्यंतची आहे, तर अनुवाद २४:१५ मध्ये त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत साखार द्यावा असे स्पष्ट सांगितले आहे. दोन्ही कायदे एकाच माणसाविषयी असतील तर मजुराने पैसे नेमके केव्हा मागायचे?

सायंप्रकाश

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. 'पेउला' आणि 'पोअल' हे दोन्ही शब्द काम आणि कामाचे मोल या दोन्ही अर्थांनी येतात. यिर्मया २२:१३ मध्ये अन्यायाने महाल बांधणाऱ्या यहोयाकीम राजाला संदेष्टा बजावतो की तू शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेतोस आणि त्याचा 'पोअल' देत नाहीस. ईयोब ७:२ मध्ये साखीर आपल्या 'पोअल'ची वाट पाहतो. केलेले काम आणि त्याची किंमत यांच्यात त्या भाषेने फट ठेवलेली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचा ऊहापोह मिश्नाच्या बावा मेत्सिया या भागात, ९व्या अध्यायाच्या ११व्या कलमात आहे. दिवसा राबणाऱ्याने पुढची संपूर्ण रात्र आपली मजुरी वसूल करावी. रात्री राबणाऱ्याने पुढचा संपूर्ण दिवस. तासांवर काम करणाऱ्याने ती रात्र आणि तो दिवस. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या आणि सात वर्षांच्या बोलीवर असणाऱ्यांसाठीही असेच नियम दिले आहेत. म्हणजे लेवीयाची सकाळ दिवसपाळीच्या मजुरासाठी आणि अनुवादाचा सूर्यास्त रातपाळीच्या मजुरासाठी, अशी वाटणी करून रब्बींनी (ज्यू धर्मपंडितांनी) दोन्ही वचने सांभाळली.

व्यवस्था म्हणून ही तडजोड उत्तम आहे, पण अनुवादाचा सरळ अर्थ तो नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. तेथे दिवसा राबलेल्या गरिबाला संध्याकाळी हातात पैसे पडावेत एवढेच अभिप्रेत दिसते. मत्तयाच्या २०व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनीही संध्याकाळ होताच कारभाऱ्याला मजुरांना बोलावून मजुरी द्यायला सांगतो. त्या दृष्टान्ताच्या ऐकणाऱ्यांना यात वेगळे काही वाटले नसणार. त्यांना खटकले ते सगळ्यांना सारखाच दिनार मिळाला हे.

मात्र मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यापुढचे, १२वे कलम. त्यात म्हटले आहे की माणसाचा साखार असो, जनावराचा असो की अवजाराचा असो, 'त्याच दिवशी दे' आणि 'रात्रभर ठेवू नको' या दोन्ही आज्ञा सगळ्यांना लागू आहेत. धागाकर्त्यांनी मांडलेल्या गाभ्याच्या अर्थाला याहून चांगला आधार मिळणे कठीण. मजुराची मजुरी, बैलाचे भाडे आणि कुदळीचे भाडे यांना शब्द एकच असल्यामुळे कायदाही एकाच पंक्तीत बसला. त्याच कलमात व्यवहारी सवलतीही आहेत: मजुराने मागितलेच नाही तर मालकाला दोष नाही, आणि मालकाने त्याला दुकानदाराकडून किंवा सराफाकडून घेण्याची सोय करून दिली असेल तरीही दोष नाही.

शब्द असा कोरडा, देण्याघेण्याचा असल्यामुळेच अनुवादाने त्याला कारण जोडलेले दिसते: 'कारण तो गरीब आहे आणि त्याच्याकडे तो आपला जीव लावून असतो.' यातले 'त्याच्याकडे' म्हणजे मजुरीकडे. तल्मूदने (मिश्नावरील पुढच्या चर्चांच्या संग्रहाने) या शब्दांचा अर्थ अक्षरशः घेतला आहे. हा माणूस शिडीवर का चढला, झाडाला का लोंबकळला, मरणाच्या तोंडी का गेला, ते या मजुरीसाठीच ना, असा तेथे सवाल आहे. बैलाच्या भाड्याबद्दल असा सवाल कोणी केलेला नाही.

वऱ्हाडी वाचक

एक छोटी भर घालतो. मराठीत 'मोलकरी' हा शब्द बायबलच्या वाचकांना ओळखीचा आहे, पण प्रत्येक साखीर रोजंदारीचाच नव्हता. लेवीय २५:५३ मध्ये 'वर्षावर्षाने ठेवलेला साखीर' असा शब्दप्रयोग आहे, जो वाचून मला आमच्याकडचा सालगडी आठवला. यशयात (१६:१४) मवाबाची मुदत सांगताना 'साखीराच्या वर्षांसारखी तीन वर्षे' म्हटले आहे, म्हणजे एक दिवस कमी नाही की एक दिवस जास्त नाही, अशी मोजून घेतलेली. करार संपण्याची वाट पाहणारा गडी वर्ष कसे मोजतो हे ज्याला माहीत आहे, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

यावरूनच अनुवाद १५:१८ मधला वाद निघतो. सहा वर्षे चाकरी करून सुटणाऱ्या दासाने साखीराच्या 'दुप्पट' काम दिले, असे तेथे म्हटले आहे. साखीराची मुदत तीन वर्षांची धरली तर सहा वर्षे बरोबर दुप्पट होतात. काही अभ्यासक मात्र त्या हिब्रू शब्दाचा अर्थ 'दुप्पट' नसून 'तितकेच मोल' असा घेतात.

दाखमळा

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, तरी मूळ मुद्द्याबाबत मी सहमत नाही. स्तोत्र १२७:३ मध्ये पोटचे फळ हे 'साखार' आहे असे म्हटले आहे. तेथे कोणते काम झाले, कोणती बोली ठरली? उत्पत्ती १५:१ मध्येही अब्रामाने परमेश्वराशी मजुरीचा करार केलेला नाही. त्या जागी 'वेतन' वाचले तर देवाची कृपा ही कामाची परतफेड ठरते. पौलाने रोमकरांस पत्रात (४:४) नेमके हेच वेगळे केले आहे: काम करणाऱ्याची मजुरी ही कृपा म्हणून नव्हे तर देणे म्हणून धरली जाते. म्हणून माझ्या मते हिब्रूत हे दोन अर्थ सुरुवातीपासून वेगळे आहेत आणि त्यांना एका गाभ्यात कोंबू नये.

शब्दवेध

दाखमळा, पौलाने केलेला भेद महत्त्वाचा आहे, पण तो ग्रीक 'मिस्थोस' (मजुरी) या शब्दाच्या आधारे, कैक शतकांनंतर केलेला आहे. तो उत्पत्तीच्या शब्दावर मागे नेऊन लादता येणार नाही. शिवाय त्याच पत्रातील 'पापाचे वेतन मरण' या प्रसिद्ध वाक्यात 'मिस्थोस' नसून सैनिकाच्या शिध्यासाठी आणि पगारासाठी वापरला जाणारा वेगळाच ग्रीक शब्द आहे.

सैनिकाचा विषय निघालाच आहे तर उत्पत्ती १५ ला त्याच्या आधीच्या अध्यायाला जोडून वाचावे, अशी माझी विनंती आहे. १४व्या अध्यायात अब्राम आपली ३१८ माणसे घेऊन लढतो, लोटाला आणि लुटलेली मालमत्ता सोडवून आणतो, आणि सदोमच्या राजाने देऊ केलेल्या संपत्तीतील एक दोरा किंवा जोड्याचा बंदही घेणार नाही, अशी शपथ वाहतो. त्यानंतर लगेच परमेश्वर म्हणतो की मी तुझी ढाल आहे आणि तुझा साखार फार मोठा आहे. ढाल आणि साखार हे दोन्ही शब्द लढाईच्या संदर्भातले आहेत. ज्याने मोहिमेची कमाई नाकारली त्याला तिचा मोबदला दुसरीकडून मिळणार आहे, असा तो संवाद आहे.

यहेज्केल २९:१८-१९ मध्ये हाच अर्थ अधिक उघडपणे येतो. नबुखद्नेस्सराच्या सैन्याने सोर नगराला वेढा घालताना इतके कष्ट उपसले की प्रत्येकाच्या डोक्याला टक्कल पडले आणि खांदे सोलून निघाले, तरी त्याला किंवा त्याच्या सैन्याला सोरकडून साखार मिळाला नाही. म्हणून मिसर देश त्यांना साखार म्हणून दिला जाईल. येथे देव परक्या राजाची थकलेली मजुरी चुकती करतो आहे. कृपेचा येथे प्रश्नच नाही.

स्तोत्र १२७ बाबत मात्र तुमचे म्हणणे मान्य करावे लागते. तेथे शब्द देणगीच्या जवळ गेला आहे.

पोथीवाचक

दाखमळा, 'कोंबणे' हा आरोप मला थोडा जड वाटला, तरी शब्दवेध यांनी स्तोत्राबाबत दिलेला कौल मीही मानतो. एवढे मात्र म्हणेन की यशया ४०:१० आणि यिर्मया ३१:१६ येथे साखार आणि पेउला ही जोडी काव्यात समोरासमोर येते. यिर्मयात मुलांसाठी रडणाऱ्या राहेलला तुझ्या कष्टाचा साखार आहे असे सांगितले जाते. कवीने तेथे सांत्वनासाठी मजुरीची भाषा मुद्दाम निवडलेली आहे आणि 'प्रतिफळ' एवढेच वाचल्यावर तो कष्टाचा धागा आपल्या हातून सुटतो. हाग्गय १:६ मध्ये तर मजूर आपली कमाई भोके पडलेल्या थैलीत टाकतो, आणि तेथे कोणीही 'प्रतिफळ' वाचत नाही.

मातीचे फलक

आजूबाजूच्या देशांची माहिती दिल्यास चित्र पुरे होईल. बाबेलचा प्राचीन राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या संहितेत मजुरीचे दरच ठरवून दिलेले आहेत. २७३व्या कलमानुसार रोजंदाराला वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत दिवसाला ६ दाणे (वजनाचे लहान माप) चांदी आणि सहाव्या महिन्यापासून वर्षअखेरपर्यंत ५ दाणे द्यावेत. २५७व्या कलमात शेतमजुराला वर्षाला ८ गूर (धान्याचे माप) धान्य आहे. २६८व्या कलमात मळणीसाठी घेतलेल्या बैलाचे भाडे २० 'का' (हेही धान्याचे माप) धान्य आहे. माणूस आणि बैल तेथेही शेजारी शेजारी येतात. तोराहमध्ये (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत) मात्र मजुरीचा एकही दर ठरवलेला नाही. तिने लक्ष घातले आहे ते पैसे वेळेवर देण्यात. मिश्नानेही दर आणि तास स्थानिक रिवाजावर सोडले (बावा मेत्सिया ७:१). जेथे पहाटे यायची रीत नाही तेथे मालकाला मजुरांवर तशी सक्ती करता येत नाही आणि जेथे मजुरांना जेवण द्यायची रीत आहे तेथे ते द्यावेच लागते.

१९६० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्याजवळ मसाद हशव्याहू येथे सापडलेल्या, इसवीसनपूर्व सातव्या शतकातल्या खापरावरही एका कापणी करणाऱ्याची तक्रार आहे. नेमून दिलेले काम पुरे केले असतानाही होशयाहू बेन शोबाय याने आपले वस्त्र काढून नेले, ते परत मिळावे, असे तो अधिकाऱ्याला कळवतो. त्यात साखार हा शब्द नाही. पण गहाण घेतलेले वस्त्र सूर्यास्ताला परत करण्याची आज्ञा अनुवाद २४ मध्ये मजुरीच्या आज्ञेला अगदी लागूनच आहे, म्हणून हा खापराचा तुकडा येथे आठवला.

सायंप्रकाश

शेवटी एक वचन राहिले आहे आणि ते धाग्याच्या विषयाला सर्वांत जवळचे आहे: निर्गम २२:१५ (हिब्रू क्रमांकाने २२:१४). उसने आणलेले जनावर धनी जवळ नसताना मेले तर भरपाई द्यावी, धनी जवळ असेल तर देऊ नये, असे सांगून पुढे फक्त पाच हिब्रू शब्द येतात. शब्दशः अर्थ असा होतो: 'साखीर असेल तर ते त्याच्या साखारात आले.' आता हा साखीर कोण? जनावर भाड्याचे असेल तर नुकसानीची जोखीम भाड्यातच धरलेली आहे आणि ती धन्याची, असा एक अर्थ आहे. जनावर हाताळणारा माणूस मोलकरी असेल तर नुकसान त्याच्या मजुरीतून कापले जाईल, असा दुसरा. पहिल्या अर्थात झळ मालकाला बसते आणि दुसऱ्यात मजुराला.

व्याकरण दोन्हींना वाव देते, कारण हिब्रूत जनावर आणि माणूस दोघेही साखीर होऊ शकतात. मी पहिल्या अर्थाच्या बाजूने आहे, कारण मागची दोन्ही वाक्ये जनावराविषयी आहेत आणि मजूर तेथे अचानक कोठून यावा हे समजत नाही. मिश्नाही (बावा मेत्सिया ७:८) हे भाड्याने घेणाऱ्याचे प्रकरण म्हणूनच हाताळते, फक्त सगळी जोखीम धन्यावर टाकत नाही: जनावर जखमी झाले, पळवून नेले गेले किंवा मेले तर भाडेकऱ्याने शपथ घेऊन मोकळे व्हावे, हरवले किंवा चोरीला गेले तर मात्र भरून द्यावे. पगार घेऊन राखण करणाऱ्यालाही तेथे हाच नियम लावला आहे.

दाखमळा

हे वचन मी आजवर दुसऱ्या अर्थानेच वाचत आलो होतो आणि अजूनही तो अर्थ पूर्णपणे सोडायला मन तयार नाही, कारण 'साखीर' हे नाम तोराहमध्ये इतरत्र माणसासाठीच येते. जनावरासाठी ते वापरल्याचे दुसरे उदाहरण कोणी देऊ शकेल काय?

सायंप्रकाश

तोराहमध्ये नाही. जवळचे उदाहरण यशया ७:२० मध्ये आहे. तेथे अश्शूरच्या राजाला 'भाड्याने आणलेला वस्तरा' म्हटले आहे आणि विशेषण याच धातूचे, स्त्रीलिंगी रूपात आहे. निर्जीव वस्तूला जे चालते ते बैलाला चालायला हरकत नसावी, पण एका उदाहरणावर मी याहून जास्त भार टाकणार नाही.